ध्यान, ताण आणि पुरावा : या विषयात नव्याने येणाऱ्या वाचकासाठी

१९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. त्यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. बडोद्याला माणिकरावांच्या आखाड्यात ते तयार झाले, पुढे अमळनेरला त्यांनी अध्यापन केले. योग त्यांना नर्मदाकाठच्या मालसरला माधवदासजींकडून मिळाला आणि गुरूंवर त्यांची पूर्ण श्रद्धा होती. तरीही नौली ही पोटाचे स्नायू फिरवण्याची क्रिया करताना आत नेमके काय घडते, हा प्रश्न त्यांनी गुरूंच्या शब्दावर सोडून दिला नाही. त्यांनी साधकाला क्ष-किरण यंत्रासमोर उभे केले आणि आतड्यातला दाब नळी घालून मोजला. नौलीच्या वेळी हा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाहून कमी होतो असे दिसले, तेव्हा त्या निर्वाताला त्यांनी नाव दिले ते गुरूंचे : 'माधवदास निर्वात'.

नौली म्हणजे ध्यान नव्हे. पण साधकाचा अनुभव खरा मानायचा आणि त्याची तपासणीही तितक्याच निष्ठेने करायची, ही वृत्ती ध्यानाच्या आजच्या शास्त्रीय अभ्यासाच्या मुळाशी आहे, आणि तिचे एक ठळक उगमस्थान आपल्या सह्याद्रीच्या माथ्यावर आहे. मराठी वाचकाने या विषयात पाहुण्यासारखे अंग चोरून येण्याचे कारण नाही.

या पुस्तकाकडे वेगवेगळे वाचक वळतील अशी माझी कल्पना आहे. रक्तदाब वाढला म्हणून डॉक्टरांनी 'औषध चालू ठेवा आणि जोडीला थोडे ध्यान करा' असे सांगितलेले गृहस्थ त्यांत असतील. इगतपुरीला विपश्यना शिबिरात दहा दिवस बसून आलेल्या आणि आपल्याला नक्की काय झाले हे समजून घेऊ पाहणाऱ्या साधिका असतील, मानसशास्त्राचे विद्यार्थी असतील. 'हे सगळे थोतांड आहे' असे मनाशी म्हणत पान उलटणारेही असतील आणि त्यांचेही मनापासून स्वागत आहे. या सर्वांना माझे एकच सांगणे आहे. ध्यानाचा ताणावर होणारा उपयोग खरा आहे, पण तो माफक आहे. तो माफक आहे हे प्रामाणिकपणे मान्य केले, तरच तो योग्य माणसापर्यंत योग्य मात्रेत पोहोचवता येतो.

आधी ताणाविषयी थोडे. वॉल्टर कॅनन या अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९१५च्या सुमारास संकटातल्या शरीराचे वर्णन केले. अशा वेळी हृदय जोरात चालते, रक्त पोटाकडून स्नायूंकडे वळते, यकृतातली साखर रक्तात उतरते. पळायचे असो की झुंजायचे, त्याची तयारी सेकंदांत होते. १९३६ साली हान्स सेल्ये यांनी याची दुसरी बाजू मांडली. त्यांनी उंदरांना थंडी, इजा, विषारी द्रव्ये अशा अगदी वेगवेगळ्या जाचांना सामोरे जायला लावले, तरी शरीराचा प्रतिसाद बराचसा एकसारखाच निघाला : अधिवृक्क ग्रंथी सुजलेल्या आणि जठरात व्रण. मेंदूतील हायपोथॅलॅमस, त्याखालची पीयूषिका ग्रंथी आणि मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी अशी ही साखळी असते. तिच्या शेवटी कॉर्टिसॉल हे संप्रेरक रक्तात येते. थोडा वेळ ते उपकारक असते. महिनोन्‌महिने चढेच राहिले तर झोप, स्मरण, रक्तदाब आणि रोगप्रतिकारशक्ती या सगळ्यांना त्याची झळ बसते.

माणसाची अडचण अशी की ही साखळी हलवायला समोर साप लागत नाही. कर्जाचा हप्ता चुकेल हा विचार, साहेबांनी सकाळी काढलेले वाक्य, मुलीच्या बारावीच्या निकालाची काळजी, एवढेही पुरते. आणि माणूस एकच काळजी रात्री अंथरुणावर दहा वेळा उगाळतो. मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २०१०मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २,२५० प्रौढांना दिवसभरात अधूनमधून फोनवरून विचारले की, तुम्ही आत्ता काय करता आहात, मन कुठे आहे आणि कसे वाटते आहे? ४६.९ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हते आणि अशा वेळी लोक कमी आनंदी असल्याचे आढळले. ध्यान याच सवयीवर काम करते, त्यामुळे ध्यानाचे वर्णन करताना 'मन रिकामे करणे' हा शब्दप्रयोग मी टाळतो. मन रिकामे होत नाही आणि ते झाले नाही म्हणून कितीतरी लोक चौथ्या दिवशी बसणे सोडतात.

बसलेला माणूस प्रत्यक्षात काय करतो, हे आनापानाच्या, म्हणजे श्वासावर लक्ष ठेवण्याच्या, उदाहरणाने जवळून पाहू. सत्यनारायण गोयंका ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे विपश्यना शिकले, १९६९ साली भारतात आले आणि मुंबईतून त्यांनी शिबिरे सुरू केली. इगतपुरीचे धम्मगिरी १९७६पासून उभे आहे. तिथल्या दहा दिवसांच्या शिबिरात पहाटे चारला घंटा होते. आर्य मौन असते. बोलणे नाही, खाणाखुणा नाहीत, फोन आणि वही-पेन आधीच जमा केलेले असते. पहिले तीन दिवस काम एकच : नाकपुड्यांच्या आतबाहेर आणि त्यांच्या खाली, वरच्या ओठाच्या वरच्या भागात, श्वासाचा स्पर्श जाणायचा. श्वास मुद्दाम लांबवायचा नाही, मोजायचा नाही, जोडीला मंत्रही नाही. सुरुवातीला तो स्पर्श सापडतच नाही. सापडला तर चार-पाच श्वास टिकतो, मग मन भावाबरोबरच्या शेताच्या बांधाच्या वादात जाऊन बसते. काही मिनिटांनी लक्षात येते, 'अरे, आपण गेलो होतो.' तिथून स्वतःला दूषण न देता परत नाकपुडीपाशी यायचे. बहुतेकांना वाटते की मन गेले तो क्षण म्हणजे अपयश. माझ्या मते 'गेलो होतो' हे लक्षात येण्याचा तो क्षण म्हणजेच मुख्य व्यायाम आहे. चौथ्या दिवशी विपश्यना सुरू होते. साधक शरीरभर लक्ष फिरवतो, गुडघ्यातली कळ येते, वाढते, बदलते, आणि तासभर न हलता बसण्याच्या अधिष्ठानात तिच्याकडे पाहत राहायचे असते. संवेदना आणि तिच्यावरची प्रतिक्रिया यांत थोडे अंतर पडू शकते हे इथे शरीराला कळते. पुढे घरी कोणी टोचून बोलले तर तेच अंतर उपयोगी येते.

आता अभ्यासकाच्या नजरेने याच शिबिराकडे पाहा. दहा दिवसांनी साधक हलका होऊन बाहेर पडतो. त्याला हलके कशाने वाटले? ध्यानाने, की दहा दिवस फोन नव्हता म्हणून? साधे जेवण आणि रात्री साडेनऊची झोप यांनी, की संसाराची कटकट तात्पुरती दूर राहिल्याने? शिवाय दहा दिवस रजा काढून जो स्वतःहून अर्ज करतो, तो मुळातच वेगळ्या मनोवृत्तीचा असण्याची शक्यता आहे. अनुभव शंभर टक्के खरा असूनही कारण चुकीचे ठरू शकते. म्हणून तुलना-गट लागतो. माणसे चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत वाटायची, एका गटाला ध्यान शिकवायचे आणि दुसऱ्याला तितकाच वेळ, तितकेच शिक्षकाचे लक्ष आणि तितकीच आशा मिळेल असे दुसरे काहीतरी द्यायचे. या क्षेत्रातला कुठलाही निष्कर्ष वाचताना 'तुलना कोणाशी केली?' हा प्रश्न वाचकाने सर्वांत आधी विचारावा. नुसत्या प्रतीक्षायादीतल्या लोकांशी तुलना केली, तर जवळपास कोणतीही गोष्ट गुणकारी दिसते.

अशी काटेकोर पद्धत यायला वेळ लागला. १९५७ साली वेंगर आणि बागची हे अमेरिकेतले दोन अभ्यासक यंत्रे घेऊन भारतभर हिंडले. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतले बी. के. आनंद त्यांच्या कामात सहभागी झाले. 'आम्ही हृदय थांबवतो' असे सांगणाऱ्या योग्यांची त्यांनी तपासणी केली. योगी श्वास कोंडून छाती-पोटाचे स्नायू आवळत, त्यामुळे हृदयाकडे परतणारे रक्त कमी होई, मनगटाची नाडी लागेनाशी होई, स्टेथोस्कोपमध्येही ठोके नीट ऐकू येत नसत. ईसीजीच्या कागदावर मात्र हृदय व्यवस्थित चालू होते. एकाने ठोके खरोखर बरेच मंद केले, पण थांबवले कोणीच नाहीत. हे निष्कर्ष १९६१मध्ये छापले गेले. त्याच वर्षी आनंद, छीना आणि बलदेव सिंग यांनी ध्यानस्थ योग्यांच्या मेंदूलहरींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या अभ्यासातल्या दोन योग्यांनी ४ अंश सेल्सिअसच्या पाण्यात सुमारे पाऊण तास हात बुडवून ठेवला आणि तेवढा वेळ त्यांच्या मेंदूतल्या शांत, जागृत अवस्थेतल्या अल्फा लहरी टिकून राहिल्या. एका बाजूने चमत्कार गळून पडला, दुसऱ्या बाजूने अभ्यासण्याजोगे काहीतरी हाती आले. मला हे दोन्ही निष्कर्ष सारख्याच मोलाचे वाटतात.

पुढची कहाणी अमेरिकेत घडली. महर्षी महेश योगींच्या भावातीत ध्यानाचे साधक प्रयोगशाळेत आले. रॉबर्ट कीथ वॉलेस आणि हार्वर्डचे हर्बर्ट बेन्सन यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांचा प्राणवायूचा वापर आणि श्वासाची गती मोजली. कॅननने वर्णिलेल्या झुंज-पळ प्रतिसादाच्या उलट असा एक विश्रांतीचा प्रतिसादही शरीरात असतो, ही मांडणी बेन्सन यांनी १९७५च्या पुस्तकात केली. १९७९ साली जॉन कबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सजग ध्यानाचा आठ आठवड्यांचा वर्ग सुरू केला. जुनाट दुखणी घेऊन आलेले आणि पुढे काय करावे हे डॉक्टरांनाही न सुचलेले रुग्ण त्यांच्याकडे पाठवले जात. आठवड्यातून एकदा सुमारे अडीच तासांचा वर्ग, रोज घरी सराव, मध्ये एक दिवसभराची मौन बैठक, असा हा साचा. त्याला निश्चित मुदत आणि निश्चित क्रम होता, म्हणूनच तो जगभर तपासता आला. आजच्या संशोधनाचा मोठा भाग या आठ आठवड्यांवर उभा आहे.

मग हाती काय लागले? २०१४ साली माधव गोयल आणि सहकाऱ्यांनी एक मोठा आढावा प्रसिद्ध केला. १८,७५३ नोंदी चाळून त्यांनी तुलना-गटाच्या कडक निकषात बसणाऱ्या ४७ चाचण्या निवडल्या, त्यांत ३,५१५ माणसे होती. चिंता, उदासी आणि वेदना यांत सजग ध्यानाने सुधारणा होते याला मध्यम प्रतीचा पुरावा मिळाला आणि परिणामाचा आकार लहान ते मध्यम निघाला. ताण कमी होण्याबद्दलचा आणि जीवनमान सुधारण्याबद्दलचा पुरावा त्याहून दुबळा होता. औषधे किंवा व्यायाम यांच्यापेक्षा ध्यान सरस आहे, असे कुठेच दिसले नाही. हे वाचून काही साधक हिरमुसतात. मला मात्र यात मोठी आशा दिसते. स्वस्त, घरी करता येणारा, आयुष्यभर सोबत राहणारा उपाय जर इतर उपायांच्या पंक्तीला बसत असेल, तर सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने ती मोठीच गोष्ट आहे. २०२२ साली एलिझाबेथ होज यांच्या गटाने चिंताविकाराच्या २७६ रुग्णांवर थेट तुलना केली. निम्म्यांना आठ आठवड्यांचा वर्ग दिला, निम्म्यांना एस्सिटॅलोप्रॅम हे प्रचलित औषध. आठ आठवड्यांच्या शेवटी वर्ग औषधाच्या मागे पडला नव्हता. अर्थात यावरून कोणी चालू गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. त्या अभ्यासात सगळे वैद्यकीय देखरेखीखाली होते.

या क्षेत्रातले सर्वांत चोख काम मला नैराश्य उलटण्याबद्दलचे वाटते. झिंडेल सीगल, मार्क विल्यम्स आणि जॉन टीस्डेल हे तिघे विचार-उपचारपद्धतीतले. त्यांचा प्रश्न असा : नैराश्यातून बरा झालेला माणूस पुन्हा त्यात का घसरतो? त्यांचे म्हणणे असे की, अशा माणसाच्या बाबतीत जराशी उदासी आली तरी 'मी कुचकामाचा' ही जुनी विचारांची चाकोरी आपोआप चालू होते. विचार खोडून काढण्यापेक्षा तो केवळ विचार म्हणून पाहायला शिकवावे, म्हणून त्यांनी कबात-झिन यांच्या वर्गाला उपचारपद्धतीची जोड दिली. २००० सालच्या चाचणीत ज्यांना नैराश्याचे तीन किंवा अधिक झटके येऊन गेले होते, त्यांच्यात नेहमीच्या उपचारांवर ६६ टक्के लोकांना पुन्हा नैराश्य आले, तर नव्या वर्गाने हे प्रमाण ३७ टक्क्यांवर आले. दोनच झटके आलेल्यांना मात्र फायदा झाला नाही. या शेवटच्या वाक्यासाठीच मी हे उदाहरण इथे दिले. 'ध्यान सर्वांना चांगले' या वाक्यापेक्षा 'याला होते, त्याला होत नाही' हे वाक्य रुग्णाच्या किती तरी जास्त कामाचे आहे. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २००४पासून ही पद्धत आपल्या शिफारशींत घेतली.

रक्तदाबाचे लवकर सांगून टाकतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७च्या निवेदनात हृदयविकाराचा धोका कमी करण्यासाठी नेहमीच्या उपचारांना जोड म्हणून ध्यानाचा विचार करता येईल असे म्हटले. जोड म्हणून, बदली म्हणून नव्हे.

मेंदूबद्दल मात्र थोडे थांबायला हवे. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत 'आठ आठवड्यांत मेंदू बदलतो' असे मथळे झळकतात. त्यामागे मुख्यतः ब्रिटा होल्झेल यांचा २०११चा अभ्यास आहे. त्यात वर्ग केलेली माणसे १६ होती. २०२२ साली विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या गटाने २१८ माणसांची आकडेवारी एकत्र करून तोच प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हा आठ आठवड्यांच्या वर्गाने मेंदूच्या रचनेत फरक पडल्याचे आढळले नाही. वर्षानुवर्षे साधना करणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. पण आठ आठवड्यांत मेंदू वाढवून देतो असे सांगून कोणी पैसे मागितले, तर वाचकाने ते देऊ नयेत.

आणखी दोन गोष्टींबद्दल मला कळकळ वाटते. पहिली मुलांबद्दल. महाराष्ट्रातल्या शाळांत 'मित्र उपक्रम' या नावाने मुलांना आनापान शिकवले जाते. उद्देश उत्तम आहे. पण ब्रिटनमध्ये ८५ शाळांतल्या ८,००० हून अधिक किशोरवयीन मुलांवर झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सजगतेच्या तासांचा नेहमीच्या सामाजिक-भावनिक शिक्षणापेक्षा जास्त फायदा दिसला नाही. बहुतेक मुलांनी घरी सरावच केला नव्हता. तिकडचा निष्कर्ष इकडे जसाच्या तसा लावू नये. आपली शाळा, आपले मास्तर, आपल्या मुलांचे घर वेगळे. पण म्हणूनच आपली चाचणी आपण केली पाहिजे आणि वर्ग घेणाऱ्या शिक्षकाने आधी स्वतः बसायला शिकले पाहिजे.

दुसरी गोष्ट धोक्याची. दीर्घ बैठकांत काहींची चिंता वाढते, झोप उडते, जुना आघात एकदम वर येतो, क्वचित वास्तवाशी असलेला धागा सुटतो. २०१७ साली जॅरेड लिंडाल आणि विलोबी ब्रिटन यांनी अशा अनुभवांची सविस्तर नोंद केली. २०२०च्या एका आढाव्यात ८३ अभ्यास मिळून त्रासदायक अनुभवांचे प्रमाण सुमारे ८ टक्के निघाले. विपश्यना केंद्रांच्या अर्जातही मानसिक आजाराविषयी विचारलेले असते. तिथे काही लपवू नये. ज्याला पूर्वी भ्रम-भास झाले आहेत किंवा ज्याचा आघात ताजा आहे, त्याने मानसोपचारतज्ज्ञाशी बोलूनच आणि छोट्या बैठकांपासून सुरुवात करावी. साधनेत त्रास झाला म्हणजे साधक कमी पडला, असे म्हणणाऱ्या शिक्षकापासून दूर राहावे.

शेवटी एका अशा प्रश्नाकडे येतो, ज्याचे उत्तर मराठी मुलखात शोधणे सोपे आहे. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित जलद होतात आणि सोडताना मंद होतात. सोडण्याच्या वेळी व्हेगस या चेतेकडून हृदयाला 'सावकाश' असा निरोप जातो. मिनिटाला सुमारे सहा श्वास झाले की हा झोका सर्वांत मोठा होतो आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची यंत्रणा अधिक तत्पर होते. २००१ साली इटलीच्या लुचियानो बर्नार्डी यांनी २३ निरोगी माणसांना लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना आणि 'ओम मणि पद्मे' हा मंत्र म्हणायला लावला. दोन्हींत श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला. कोणी त्यांना श्वासाबद्दल काही सांगितले नव्हते; प्रार्थनेच्या लांबीनेच ते काम केले.

आपल्याकडे गावोगावच्या देवळांत संध्याकाळी हरिपाठ होतो. टाळाचा ठेका ठरलेला, चरणांची लांबी ठरलेली, एका बाजूने म्हणायचे आणि दुसऱ्या बाजूने उचलायचे. म्हणणारे बहुतेक चाळिशी-साठीचे, म्हणजे रक्तदाबाच्या वयाचे. हरिपाठ म्हणतानाही श्वास असाच आपोआप मंदावतो का, हा तो प्रश्न. छातीला श्वास मोजणारा पट्टा, बोटाला नाडीचा चिमटा आणि आधी-नंतर रक्तदाबाची नोंद एवढे साहित्य तालुक्याच्या महाविद्यालयालाही परवडेल. तुलनेसाठी तितकाच वेळ पारावर गप्पा मारणारी तितकीच माणसे त्याच गावात मिळतील. शरीरक्रियाशास्त्राच्या किंवा मानसशास्त्राच्या एखाद्या विद्यार्थिनीने प्रबंधासाठी हा विषय घ्यावा, हरिपाठ म्हणणाऱ्यांची परवानगी मागावी आणि निष्कर्ष काहीही आला तरी तो आधी त्यांनाच वाचून दाखवावा.